सव्वा महिन्यानंतरचं दुखणं

डॉ. सारा हॉसमन शारजात दवाखाना थाटायला आल्या तेव्हा त्यांनी साठी ओलांडलेली होती. 1883 चा जन्म, अमेरिकेतलं वैद्यकीय शिक्षण आणि 1911 पासून अरबस्तानात मुक्काम. आधी मस्कतमध्ये त्यांनी बायकांसाठी दवाखाना चालवला. मग 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला, जेव्हा इतर लोक निवृत्तीच्या गोष्टी करतात, तेव्हा त्यांनी शारजातल्या बायकांची बाळंतपणं हाती घेतली. संयुक्त अरब अमिरात हा देश जन्माला यायला अजून वीसेक वर्षं होती. मोत्यांचा धंदा बुडालेला, तेल दृष्टिपथात नव्हतं. बाजारात चालायचा तो भारताचा रुपया. 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी वेगळी नोट काढली, ती 1966 च्या अवमूल्यनापर्यंत टिकली. पुष्कळशी घरं खजुराच्या झावळ्यांची. ज्याच्या गाठीला चार पैसे असत, तो मोठ्या दुखण्यासाठी मुंबईची बोट पकडायचा.

बाळंतपणासाठी मात्र कुणी बोटीत बसत नसे. बाई घरीच मोकळी व्हायची, दाईच्या हाताखाली. नंतर अंग आवळून यावं म्हणून योनीमार्गात मीठ भरायची चाल आखातात बऱ्याच ठिकाणी होती. मिठानं मार्ग आकसायचा आणि पुढच्या खेपेला मूल अडायचं. तिथं काम केलेल्या डॉक्टरांनी यावर लिहून ठेवलं आहे. पहिल्या बाळंतपणानंतर काय केलं, यावर दुसऱ्या बाळंतपणात बाई जगणार की नाही ते ठरायचं. हॉसमनबाई 1964 मध्ये वारल्या. त्यांचं रुग्णालय पुढे कित्येक वर्षं त्यांच्याच नावानं चालू राहिलं.

मिठाचं एक बरं असतं, ते दिसतं. या लेखातलं दुखणं तसं नाही. एखादा जंतू, बहुधा क्षयाचा, कधी क्रिप्टोकॉकस नावाच्या बुरशीचा, गरोदरपणात किंवा त्याआधीच मेंदूच्या आवरणापर्यंत पोचलेला असतो. बाई नऊ महिने बरी दिसते, निदान फार वाईट दिसत नाही. मूल होतं. काही आठवड्यांनी डोकं दुखायला लागतं, उलट्या होतात, बोलणं तुटतं, झटके येतात. जंतू त्या काही आठवड्यांत फार वाढलेला असतोच असं नाही. वाढलेली असते ती त्याच्यावर उसळलेली शरीराची प्रतिकारशक्ती. कवटीला फुगायला जागा नसते, त्यामुळे तीच सूज बाईच्या जिवावर उठते. ओल्या बाळंतिणीला असं काही झालं की आपल्याकडे वारं लागलं म्हणायचं, नाहीतर बाहेरची बाधा. शेगडी, धुरी, डिंकाचे लाडू चालूच. हसण्यासारखं त्यात काही नाही, कारण युरोपातल्या नामांकित डॉक्टरांचं काही वेगळं चाललं नव्हतं.

गरोदरपण क्षयाला चांगलं, असं तिथं शतकानुशतकं मानलं जाई. दिसायचंही तसंच: खंगलेली पोरगी दिवस गेल्यावर भरायची, खोकला उतरायचा. 1850 मध्ये पॅरिसच्या ऑगस्तँ ग्रिझोलनं आपल्या रुग्णांवरून उलटं मत मांडलं: गरोदरपणानं क्षय बळावतो. मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्षयी बाईचा गर्भ पाडावा, असा सल्ला सर्रास दिला जाऊ लागला. 1953 मध्ये स्वीडनच्या हेडवालनं मोठ्या संख्येनं बाळंतिणी तपासून सांगितलं की गरोदरपणाचा एकूण परिणाम फारसा इकडे किंवा तिकडे जात नाही. वाद मिटल्यासारखा झाला.

माझ्या मते तो मिटला नव्हता, नीट मांडलाच गेला नव्हता. दोन्ही बाजू गरोदरपणाचं पुस्तक तपासत होत्या, आणि हिशेब चुकत होता तो पुढच्या पानावर. बाळंतपणानंतर क्षय धावत सुटतो, हे सॅनेटोरियमच्या डॉक्टरांनी पाहिलेलं होतं. त्याचं कारण त्यांनी शोधलं ते नळ-मिस्त्रीनं शोधावं तसं: पोट मोठं असताना फुप्फुस खालून दाबलेलं असतं, क्षयाची पोकळी मिटलेली राहते, मूल बाहेर आलं की छाती-पोटामधला पडदा खाली येतो आणि पोकळी उघडते. म्हणून बाळंत झाल्या झाल्या पोटात हवा भरून पडदा वर उचलून धरायचे. 1940 च्या दशकात हा उपचार रीतसर चालत होता. आपल्याकडे पांचगणीला, मिरजेजवळ वानलेसवाडीला, मुंबईत शिवडीला क्षयाची रुग्णालयं होतीच. आणि बाळंतिणीचं पोट घट्ट बांधायची आपली चाल तर त्याहून जुनी. मेंदूच्या क्षयाला मात्र हा खुलासा लागू पडत नाही. डोक्यात पडदा नाही आणि हवाही नाही.

स्ट्रेप्टोमायसिन येण्यापूर्वी मेंदूच्या आवरणाचा क्षय म्हणजे जवळजवळ खात्रीचं मरण होतं. 1943 मध्ये ते औषध सापडलं आणि काही वर्षांतच पाठीतल्या पाण्यात त्याची इंजेक्शनं देऊन मुलं वाचू लागली. त्याबरोबर एक चमत्कारिक गोष्ट दिसायला लागली. जंतू मरत असतानाही काही रुग्ण बिघडायचे. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला काही डॉक्टरांनी औषधाच्या जोडीला कॉर्टिझोन दिलं, म्हणजे जंतूशी लढणाऱ्या शक्तीलाच लगाम घातला. हे अघोरी वाटावं असं होतं. त्याचा पक्का निकाल लागायला पन्नास वर्षं गेली. 2004 मध्ये व्हिएतनाममध्ये 545 रुग्णांवर झालेल्या चाचणीत डेक्सामेथासोन दिलेल्यांत मरणाचं प्रमाण सुमारे 41 टक्क्यांवरून 32 टक्क्यांवर आलं.

या मधल्या पन्नास वर्षांतला एक महत्त्वाचा धागा मुंबईतला आहे. भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात बालरोगतज्ज्ञ पी. एम. उदानी यांच्याकडे क्षयानं मेंदू गेलेली मुलं रांगेनं येत. त्याच संस्थेत मेंदूविकृतितज्ज्ञ दाराब दस्तूर मेलेल्यांचे मेंदू कापून पाहत. काही मुलांचं कोडं सुटत नव्हतं. शरीरात क्षय आहे, मूल बेशुद्ध आहे, झटके येताहेत, पण पाठीतलं पाणी जवळजवळ स्वच्छ. मेंदूचं आवरण फारसं सुजलेलं नाही, जंतूंची गर्दी नाही. मग मेलं कशानं? दस्तूर यांना मेंदूच्या पांढऱ्या भागात सूज दिसली, आणि बारीक रक्तवाहिन्यांभोवती मज्जातंतूंचं आवरण झडलेलं. हे चित्र त्या काळच्या भारतीय डॉक्टरांच्या ओळखीचं होतं. कुत्रं चावल्यावर पोटात चौदा इंजेक्शनं घेण्याचा तो जमाना. सेंपल लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची, आणि ती घेतलेल्या काहींना लुळेपणा यायचा. जंतूमुळे नव्हे, स्वतःच्याच प्रतिकारशक्तीनं आपल्या मेंदूला परकं समजल्यामुळे. क्षयातही तसंच काही घडत असावं, क्षयाच्या प्रथिनांवर शरीर खवळत असावं, असं दस्तूर आणि उदानी यांनी 1966 मध्ये आणि पुन्हा 1970 मध्ये परदेशी नियतकालिकांत मांडलं. त्यांचे रुग्ण लहान मुलं होती, बाळंतिणी नव्हत्या, हे खरं. पण क्षयात मेंदूचा घात शरीराच्या प्रतिक्रियेनं होऊ शकतो, ही गोष्ट आखातातून बोटी येत त्याच मुंबईत, त्याच दशकात शवविच्छेदनाच्या टेबलावर दिसत होती. तिचा आणि बाळंतपणाचा संबंध जोडायला चाळीस वर्षं जायची होती.

दुसरा धागा संधिवातवाल्यांच्या हातात होता. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे फिलिप हेंच यांनी 1938 मध्ये लिहिलं की आमवाताच्या बायकांचे सांधे गरोदरपणात मोकळे होतात आणि बाळंतपणानंतर पुन्हा धरतात. गरोदरपणात शरीरात असं काय तयार होतं, याचा शोध घेत ते कॉर्टिझोनपर्यंत पोचले आणि त्यांना 1950 चं नोबेल मिळालं. त्यांनी तो शोध औषधासाठी घेतला. बाळंतपणानंतर सांधे परत का धरतात, हा त्यातला अर्धा भाग तसाच राहिला. 1953 मध्ये जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी प्रश्न उलट्या अंगानं विचारला: गर्भ हा निम्मा बापाचा, म्हणजे आईच्या शरीराला निम्मा परका, तर आईचं शरीर तो फेकून का देत नाही? उत्तराचे तपशील आजही पूर्ण लागलेले नाहीत. ढोबळ चित्र असं की गर्भ टिकवण्यासाठी आईच्या प्रतिकारशक्तीची एक फळी आवरती घेतलेली असते. ती नेमकी तीच फळी, जी पेशींच्या आत लपून बसणाऱ्या जंतूंचा, क्षयाचा, कुष्ठाचा, बुरशीचा समाचार घेते. वार पडली की आवरतं घेण्याचं कारण संपतं, आणि काही आठवड्यांत फळी जाग्यावर येते. परतलेल्या पहारेकऱ्याला घरात चोर दिसला तर तो घराचा विचार करत नाही.

हे कातडीवर उघड दिसलं ते इथिओपियात. अदिस अबाबात एलिझाबेथ डंकन या स्त्रीरोगतज्ज्ञांनी 1970 च्या दशकात कुष्ठरोगी गरोदर बायकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. बाळंतपणानंतर त्यांचे जुने चट्टे लाल होऊन सुजायचे, नसा दुखायच्या, हातापायांची ताकद जायची. कुष्ठात याला प्रतिक्रिया म्हणतात, आणि आनंदवन-तपोवनाच्या महाराष्ट्राला हा प्रकार नवा नाही. डंकनबाईंनी दाखवलं की त्या प्रतिक्रियेला वेळापत्रक आहे, आणि ते बाळंतपणाच्या तारखेला बांधलेलं आहे.

मग एड्स आला. या दुखण्याला ओळख मिळाली ती एड्समुळेच, ही इतिहासाची एक विचित्र देणगी. 1992 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये मार्टिन फ्रेंच आणि सहकाऱ्यांना दिसलं की झिडोव्हुडिन हे एचआयव्हीचं औषध सुरू केल्यावर काही रुग्णांच्या शरीरात दबलेला जंतूसंसर्ग एकदम पेटतो. औषध हरल्यामुळे नव्हे, औषधानं प्रतिकारशक्ती परत आणल्यामुळे. 1996 नंतर तिहेरी औषधं आली आणि असे रुग्ण जगभर दिसू लागले. 2006 मध्ये कंपालात तज्ज्ञ जमले आणि क्षयातल्या अशा उसळीची व्याख्या ठरली. बुरशीच्या मेंदूज्वरात तर घाईनं शक्ती परत आणण्याची किंमत आकड्यांत मोजली गेली: युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेतल्या 177 रुग्णांच्या चाचणीत एचआयव्हीची औषधं लगेच सुरू केलेल्यांपैकी 45 टक्के सहा महिन्यांत दगावले, पाच आठवडे थांबून सुरू केलेल्यांपैकी 30 टक्के. निकाल 2014 मध्ये छापून आला. शक्ती परत येऊ द्यायची, पण सावकाश, हे डॉक्टरांच्या अंगवळणी पडलं ते या आकड्यांनी. बाळंतपणाला मात्र असं थांबवून ठेवता येत नाही.

बाळंतपणाचा आणि एड्सचा हे दोन धागे 2007 मध्ये एकत्र आले. नीना सिंग आणि जॉन परफेक्ट या अमेरिकेतल्या दोन संसर्गतज्ज्ञांनी एका लेखात म्हटलं की गरोदरपणानंतर काही जंतूसंसर्ग अचानक उघडे पडतात किंवा बिघडतात, ते याच जातीचं प्रकरण आहे. एचआयव्ही नसलेल्या निरोगी बाईलाही ते होऊ शकतं, कारण गरोदरपण हीच तिची तात्पुरती आवरती घेतलेली अवस्था. मेंदूतला क्षय आणि क्रिप्टोकॉकस त्यात ठळकपणे होते.

त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात, पुण्याचा एक अभ्यास छापून आला. बी. जे. मेडिकल कॉलेज आणि ससून रुग्णालयात अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाबरोबर एक चाचणी चालू होती. अंगावर पिणाऱ्या बाळाला आईकडून एचआयव्ही जाऊ नये म्हणून नेव्हिरापिन सहा आठवडे द्यायचं, हा तिचा विषय. लक्ष बाळांवर होतं. अमिता गुप्ता आणि सहकाऱ्यांनी त्याच नोंदवह्यांतून आयांचं काय झालं ते काढलं. 2002 ते 2005 या काळातल्या 715 एचआयव्हीग्रस्त बाळंतिणींपैकी 24 जणींना बाळंतपणानंतर टीबी झाला. त्या 24 पैकी 3 वारल्या. उरलेल्या 691 मधून वारल्या 7. टीबी झालेल्या आयांच्या 23 बाळांपैकी 4 दगावली. सरकारनं फुकट एचआयव्ही औषधं द्यायला सुरुवात केली ती 1 एप्रिल 2004 ला, पहिल्या काही केंद्रांत जे. जे. होतं. तेव्हा या बायकांच्या टीबीचं खापर केवळ त्या औषधांवर फोडता येत नाही. अर्थात त्यांची प्रतिकारशक्ती एचआयव्हीनं आधीच पोखरलेली होती, आणि 24 मधल्या किती जणींचा टीबी बाळंतपणाच्या उसळीनं उघडा पडला, हे या आकड्यांवरून सांगता येत नाही. पाच वर्षांनी ब्रिटनमध्ये लाखांवर बायकांच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासल्या गेल्या. बाळंतपणानंतरच्या सहा महिन्यांत टीबीचं प्रमाण एरवीच्या जवळजवळ दुप्पट निघालं.

पुण्यातच पुढे या आवरत्या घेतलेल्या फळीचं मोजमाप झालं, आणि ते फार साध्या साधनांनी. टीबीची कातडीची चाचणी पुष्कळांनी करून घेतलेली असते. हाताच्या पुढच्या बाजूला, कोपराखाली, अगदी वरवर सुई घालून ट्युबरक्युलिनचा थेंब सोडतात, संत्र्याच्या सालीसारखा फुगवटा उठतो. दोन-तीन दिवसांनी परत बोलावतात. तपासणारी बोट फिरवून कडक भाग चाचपते, चारी बाजूंनी बॉलपेनची रेघ आत ओढत आणते, रेघ जिथे अडते तिथे थांबते, आणि पट्टी लावून मिलिमीटर लिहिते. लाली मोजायची नाही, फक्त कडकपणा, कारण कडकपणा म्हणजे तिथं जमलेल्या पेशी. ज्योती मठद आणि सहकाऱ्यांनी ससूनमध्ये 401 गरोदर बायकांची ही चाचणी केली आणि सोबत रक्ताचीही, ज्यात त्याच पेशींना नळीत डिवचून त्या किती इंटरफेरॉन सोडतात ते पाहतात. रक्तात 37 टक्के बायकांना दबलेला टीबी आहे असं दिसलं. हातावर फक्त 14 टक्क्यांना. जंतूला ओळखणाऱ्या पेशी पुष्कळ जणींच्या रक्तात होत्या, पण कातडीपर्यंत येऊन त्यांनी गाठ उठवली नाही. दोन चाचण्यांत एरवीही फरक पडतो, पण एवढा नाही.

आता परत शारजाकडे, कारण हा प्रश्न तिथं वेगळ्याच तऱ्हेनं चिघळू शकतो. रोला, अबू शगारा, अल नहदाच्या इमारतींत मराठी कुटुंबं पिढी-दोन पिढ्या राहताहेत. अमिरातीत राहण्याचा परवाना हवा तर वैद्यकीय तपासणी आलीच: छातीचा एक्स-रे टीबीसाठी, रक्त एचआयव्हीसाठी. एचआयव्ही निघाला तर परदेशी माणसाची रवानगी ठरलेली. टीबीच्या बाबतीत 2016 मध्ये मंत्रिमंडळानं नियम सैल केला. जुनी खूण किंवा चालू आजार सापडला तरी उपचार घेण्याच्या अटीवर परवाना वर्षभर वाढवून मिळू लागला. हा बदल मला त्या देशाच्या आरोग्यइतिहासातला मोठा टप्पा वाटतो, कारण घरी पाठवलं जाण्याच्या भीतीनं माणूस खोकला लपवतो.

पण एक्स-रे फुप्फुसाचा असतो, आणि मेंदूतला क्षय असलेल्या कित्येकांची छाती साफ दिसते. त्यात आपली चाल अशी की पहिलं बाळंतपण माहेरी. सातवा-आठवा महिना लागला की बाई विमानात बसते, कारण नंतर विमान कंपन्या घेत नाहीत. सातारा नाहीतर रत्नागिरीला बाळंत होते, सव्वा महिना खोलीत काढते, बारसं उरकून, बाळाचा पासपोर्ट हातात आला की दोन-तीन महिन्यांनी नवऱ्याकडे परतते. गरोदरपणाची फाईल शारजात, बाळंतपणाची महाराष्ट्रात, आणि डोकेदुखी सुरू होते ती परत शारजात. तिथला डॉक्टर आधी काय विचारात घेईल? कंबरेत भूल दिली होती का. रक्तदाब. झोप नाही म्हणून. आपल्याकडच्या बाळंतिणींत मेंदूच्या शिरांत रक्ताची गाठ होण्याचं प्रमाण बरंच आहे, तेही योग्यच. टीबीचं नाव यादीत खाली असतं. बाई तरुण, बाळ गुटगुटीत, एक्स-रे साफ. पाठीतलं पाणी काढायला कुणी लगेच धजत नाही. आणि मेंदूच्या टीबीत दिवस फार महागात जातात. गुंगी येण्याआधी औषध सुरू झालं तर माणूस बहुधा वाचतो, नंतर वाचला तरी डोळे किंवा एक बाजू जाऊ शकते.

भारतात सरकारी माता-बाल कार्डावर आईच्या भेटी सहा आठवड्यांत संपतात, बाळाचा तक्ता पुढे काही वर्षं जातो. आईसाठी आशाताईचं घरी येणंही 42 दिवसांशी बांधलेलं. हा आकडा रक्तस्राव आणि बाळंतज्वर यांच्या काळातला आहे, आणि त्यासाठी तो बरोबरच होता. 2014 पासून भारतात प्रत्येक एचआयव्हीग्रस्त गरोदर बाईला आजन्म औषधं सुरू करतात, त्यामुळे औषधानं परतणारी शक्ती आणि बाळंतपणानं परतणारी शक्ती एकाच बाईत, काही आठवड्यांच्या फरकानं येऊन आदळू शकतात. 42 दिवसांची रेघ आखणाऱ्यांनी हे कुठून पाहिलेलं असणार.

मग गरोदरपणातच टीबी टाळायची गोळी का देऊ नये? हा प्रश्न विचारायलाही फार वेळ लागला, कारण औषधांच्या चाचण्यांतून गरोदर बाईला आधी बाजूला काढायची रीत. अखेर आठ देशांतल्या 956 एचआयव्हीग्रस्त गरोदर बायकांवर आयसोनियाझिड या गोळीची चाचणी झाली. पुणेही त्यात होतं. निम्म्या जणींना गोळी गरोदरपणातच दिली, निम्म्यांना बाळंतपणानंतर बारा आठवड्यांनी. 2019 मध्ये निकाल आला. टीबी दोन्हीकडे कमीच झाला, कारण जवळजवळ सगळ्या एचआयव्हीच्या औषधांवर होत्या. पण गर्भपात, मृतजन्म, कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं मूल अशा गोष्टी गोळी आधी घेतलेल्यांत 23.6 टक्के, नंतर घेतलेल्यांत 17 टक्के. त्यावर जागतिक आरोग्य संघटना आणि चाचणी करणारे यांचे सूर अजूनही जुळलेले नाहीत. एचआयव्ही नसलेल्या, माहेरून परत शारजाला निघालेल्या बाईसाठी तर अशी चाचणी झाल्याचं माझ्या पाहण्यात नाही.